फॉर्ममधला 'एकूण एपी' हा रकाना काढून टाका

न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळाची कार्यकारिणी, रविवारच्या मराठी शाळेतले शिक्षक आणि आपले सगळे पालक यांस,

स. न. वि. वि.

परवा रात्री ग्रुपवर फॉर्म आला. यंदा बारावी संपवणाऱ्या मुलांचा जूनच्या पिकनिकला सत्कार करायचा आहे, स्मरणिकेत फोटो छापायचे आहेत, त्यासाठी माहिती हवी आहे. मुलाचं नाव, आईवडिलांचं नाव, हायस्कूल, कॉलेज ('ठरलं नसल्यास नंतर कळवा'), जीपीए (म्हणजे सगळ्या विषयांच्या श्रेणींची सरासरी). आणि त्याखाली, लाल चांदणी लावलेला, म्हणजे भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकतच नाही असा एक रकाना: 'एकूण एपी', म्हणजे मुलाने हायस्कूलमध्येच घेतलेल्या कॉलेजच्या तोडीच्या विषयांची संख्या.

माझी थोरली यंदाच्या यादीत आहे. फॉर्म उघडून मी त्या रकान्याकडे बघत बसले, कारण तो मला ओळखीचा होता. चार वर्षांपूर्वी स्मरणिकेचं काम माझ्याकडे होतं आणि तो रकाना मीच घातला होता. तेव्हा एका काकांनी सुचवलं, "मुलांनी एवढी मेहनत केलेली असते, कौतुक व्हायला नको का?" मला पटलं. सत्काराच्या वेळी मीच माइकवरून वाचून दाखवलं, अमुक अमुक, नऊ एपी, टाळ्या. अमुक, अकरा एपी, जास्त टाळ्या. एका मुलाच्या नावापुढे तीन होते. तिथे मी आकडा वाचलाच नाही, थेट कॉलेजच्या नावावर उडी मारली. त्याच्या आईच्या ते लक्षात आलं होतं. ती आजही भेटली की छान बोलते, म्हणून मला जास्तच टोचतं.

तेव्हा हे पत्र कमिटीवरचा राग काढायला नाही. जी घाण मी केली ती मलाच निस्तरायची आहे, एवढंच.

पत्राची एक प्रत साताऱ्याला माझ्या आईकडे जाणार आहे. गेली दोन वर्षं ती व्हिडिओ कॉलवर विचारते, "हे एपी एपी काय असतं गं, आणि त्यासाठी पोर जेवत का नाही?" तिच्यासाठी थोडक्यात सांगते, बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय हायस्कूलमध्येच शिकायचा आणि मे महिन्यात देशभर होणारी त्याची परीक्षा द्यायची. गुण १ ते ५. चालवतं कॉलेज बोर्ड, जे एसएटी ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा घेतं तेच. विषय चाळीसच्या आसपास, दर परीक्षेची फी शंभर डॉलरच्या आसपास. शिवाय बऱ्याच शाळांत एपीमधल्या 'ए'ला ४ ऐवजी ५ धरतात, म्हणजे वेटेड जीपीए, हे जादा वजन धरून काढलेली सरासरी, वर जातो. कुठल्या मुलाने यातल्या किती घ्यायच्या याला बहुतेक शाळांत कमाल मर्यादा नाही. सगळी गोम तिथे आहे.

आई, तुझ्या नातीच्या जेवणाकडे येतेच.

त्याआधी आपल्याबद्दल. आपण, म्हणजे पुणे-नाशिक-कोल्हापूर-नागपुरातून इथे आलेले आईबाप, आयुष्यात विषय किती घ्यायचे हे कधी ठरवलेलंच नाही. दहावीनंतर सायन्स की कॉमर्स की आर्ट्स हे एकदा ठरलं, तेही बहुतेकांचं टक्क्यांनीच ठरवलं. पुढे फार तर बायो ठेवायचं की सोडून इलेक्ट्रॉनिक्स घ्यायचं, एवढाच प्रश्न. बारावीला सगळ्यांना सहाशेपैकी. शेजारचा मुलगा दहा विषय घेऊन बसलाय असं कधी झालं नाही. त्यामुळे आपली सगळी चढाओढ गुणांची होती. इथे आलो तर गुणांची चढाओढ करायला जागाच नाही, कारण आपल्या ओळखीतल्या दर दुसऱ्या मुलाला सगळीकडे 'ए'. मग ती सवय जाऊन बसली संख्येवर. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण घेता घेता कुणीतरी विचारतंच, "यंदा किती घेतल्यात तिने?" पूर्वी "किती पडले?" असं विचारायचे, त्याच सुरात.

आता जेवण.

थोरलीच्या शाळेत दिवसाचे आठ पीरियड. सकाळी ७:२५ ला पहिली घंटा. अकरावीला तिला सहा एपी घ्यायच्या होत्या. इंग्रजी लँग्वेज, यूएस हिस्ट्री (मुलं त्याला 'एपुश' म्हणतात), कॅल्क्युलस बीसी, केमिस्ट्री, फिजिक्स सी आणि कॉम्प्युटर सायन्स ए. 'घ्यायच्या होत्या' असं लिहिलं खरं, पण सहावीबद्दल ती साशंक होती. "सगळे घेतायत" हे वाक्य तिचं होतं की माझं, ते आता दोघींनाही आठवत नाही. स्पॅनिश सोडायचं नव्हतं. व्यायामाचा तास सोडताच येत नाही, न्यू जर्सीत आठवड्याला दीडशे मिनिटं आरोग्य आणि शारीरिक शिक्षण कायद्यानेच आहे. सहा अधिक दोन, झाले आठ. उरल्या दोन गोष्टी, ज्यांना जागा नव्हती. ऑर्केस्ट्रा आणि जेवण.

ऑर्केस्ट्रा सोडताना फार चर्चा झाली नाही. ती चौथीपासून व्हायोला वाजवायची. पण ऑर्केस्ट्रातला 'ए' ४ चा, एपीतला ५ चा. म्हणजे मनापासून वाजवून पूर्ण गुण मिळवले तरी वेटेड जीपीए खाली ओढला जाणार. हा हिशोब मी स्वतः एक्सेलमध्ये मांडून तिला दाखवला होता. ०.०६ का ०.०७ चा फरक होता. व्हायोला अजून कपाटावर आहे, भाड्याची नाही, विकत घेतलेली.

जेवणाचा पीरियड सोडायला पालकाची संमती लागते. पोर्टलवर खिडकी उघडते, पाल्याला लंच पीरियड नको आहे हे आपल्याला मान्य आहे का, टिक करा. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, कॅमेरा बंद. टिक केलं. चार सेकंद लागले असतील. व्यायामाचा तास सोडता येत नाही आणि जेवणाचा सोडता येतो, आईची सही असली की.

मग मी तिला पोळीचा रोल करून द्यायला लागले. आत बटाट्याची भाजी किंवा अंड्याची पोळी, फॉइलमध्ये घट्ट गुंडाळलेला, वर्ग बदलताना चालता चालता खाता यावा म्हणून. संध्याकाळी दप्तरातून डबा काढला की रोल तसाच असायचा. फॉइल एका टोकाला उलगडलेली आणि पोळीला दातांची एक खूण. एकच. दोन पीरियडच्या मधली चार मिनिटं तेवढ्यालाच पुरत होती.

नोव्हेंबरात एका रात्री पाणी प्यायला खाली आले तर मायक्रोवेव्हवर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली. तिचं वेळापत्रक. 'दहा ते पावणेअकरा केमिस्ट्री लॅब रिपोर्ट. पावणेअकरा ते पावणेबारा डीबीक्यू. पावणेबारा ते बारा, क्राय, ऑप्शनल. बारा ते एक कॅल्क.' मी हसले. ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती, तीही हसली. "जोक आहे, आई." डीबीक्यू म्हणजे एपुशचा तो निबंध, ज्यात सात ऐतिहासिक कागदपत्रं वाचून त्यांच्या आधाराने मांडणी करायची असते. सातव्या कागदापर्यंत ती पोचली होती की नाही माहीत नाही, पण पहिल्या कागदावर हायलायटरची रेघ ओळीवरून सुटून तशीच खाली टेबलावर उतरली होती. डुलकी लागली असणार. ती रेघ टेबलावर अजून आहे.

आता इथे वाचणाऱ्याची अपेक्षा असेल की पुढे काहीतरी भयंकर घडलं. नाही घडलं. जुलैत निकाल लागला. चार ५, एक ४, एक ३. ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या गुणपत्रिकेवर, दोन 'बी', बाकी 'ए'. मंडळाच्या माइकवरून वाचायला उत्तम निकाल. त्यामुळेच हे पत्र लिहायला मला इतके महिने लागले. तिचं बिघडलं असतं तर कुणालाही समजावून सांगणं सोपं गेलं असतं.

बिघडलं ते असं. तिला केमिस्ट्री आवडायची. दहावीत असताना सिंकमध्ये लाल कोबीच्या पाण्यात लिंबू, खायचा सोडा, अमसुलाचं आगळ असं एकेक घालून रंग बघत बसायची, माझी भांडी अडवून. एपी केमिस्ट्रीत तिला ५ मिळाले आणि आता ती म्हणते, कॉलेजात तो विषय परत बघायचासुद्धा नाही. त्या वर्षी केमिस्ट्री ही तिच्यासाठी रात्री दहा ते पावणेअकरा होती, बस. इंग्रजीच्या बाई म्हणाल्या, लिहिते छान पण हल्ली फक्त रुब्रिकपुरतं, म्हणजे गुण कशाला मिळतात त्या यादीपुरतं, लिहिते. ही असली नुकसानं ट्रान्स्क्रिप्टवर येत नाहीत, स्मरणिकेत तर मुळीच नाही.

गणित करायचंच तर दिवसाचं करू या, मला ते एक वर्ष उशिरा सुचलं. चोवीस तास. या वयाच्या मुलांना झोप आठ ते दहा तास हवी, असं इथले बालरोगतज्ज्ञ आणि निद्रातज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगताहेत. कॅलिफोर्नियाने तर त्यासाठी कायदा करून २०२२ पासून बहुतेक हायस्कूलांची घंटा ८:३० च्या आत वाजवायची नाही असं ठरवलं. आपण कमीत कमी धरू, आठ. शाळा आणि बस मिळून आठ. आंघोळ, जेवणं, घरातली कामं, नुसतं लोळणं, दोन. उरले सहा. त्यातले दोन ट्रॅक, नाच, रोबोटिक्स, जे काही असेल त्याचे. उरले चार. जड एपीला घरी दिवसाला तास लागतो, चाचणीच्या आधी जास्त. म्हणजे सगळं सुरळीत असताना, सर्दी-ताप नसताना, भांडण झालेलं नसताना, चार तासांत चार जड विषय जेमतेम मावतात, आणि त्यात स्पॅनिशचा गृहपाठ धरलेलाच नाही. सहा घेतल्या की वरचे दोन तास कुठून येणार? झोपेतून. दुसरीकडून यायला जागा नाही.

शिवाय 'एक एपी' हे मापच खोटं आहे. मोजताना आपण सगळ्या सारख्याच धरतो, जणू सगळे एकाच वजनाचे लाडू आहेत. सायकॉलॉजी किंवा कॉम्प्युटर सायन्स प्रिन्सिपल्स आणि दुसरीकडे एपुश किंवा केमिस्ट्री, यांत कामाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक. फिजिक्स सीला कॅल्क्युलस सोबत तरी चालू असावं लागतं, नाहीतर मूल दोन्हीकडे बुडतं. नावानेही फसायला होतं. फिजिक्स १ ऐकून आपल्याला वाटतं पहिली पायरी, सोपं असेल. २०१५ पासून पुढची दहा वर्षं, एखादा अपवाद सोडला तर, त्या परीक्षेत ३ किंवा वर गुण मिळवणारी मुलं निम्म्याहून कमी असायची. तरी आपल्यातले कितीतरी पालक शिक्षकांची शिफारस नसताना वेव्हरवर, म्हणजे 'आमच्या जबाबदारीवर' अशा कागदावर, सही करून मुलाला त्यात घालतात. मीही घालणार होते, धाकट्याला.

"पण कॉलेजांना लागतं ना!" हे मला फोनवर किमान सहा जणांनी ऐकवलंय. काय लागतं ते मी नीट वाचून काढलं, ओळखीच्यांच्या ऐकीव गोष्टी बाजूला ठेवून.

कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक प्रवेश अर्जात, शाळेच्या काउन्सेलरला एक प्रश्न असतो. या मुलाची विषयनिवड तुमच्याच शाळेतल्या इतर कॉलेजेच्छू मुलांच्या तुलनेत कशी आहे? उत्तरं पाच, 'मोस्ट डिमांडिंग' पासून 'बिलो ॲव्हरेज' पर्यंत. आपली सगळी भीती या वरच्या खुणेभोवती फिरते. पण वरची खूण कधी द्यायची हे प्रत्येक शाळेत वेगळं ठरतं, आणि ते विचारता येतं! मी काउन्सेलरना विचारलं. उत्तर मिळालं ते आमच्या सहाच्या बरंच अलीकडे होतं. तीन वर्षांत हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता, कारण उत्तर मला आधीच माहीत आहे असं मी गृहीत धरलं होतं. अर्जासोबत शाळेची माहितीही जाते, शाळेत काय काय शिकवतात याची. जिथे पाचच एपी आहेत तिथल्या मुलाला पंचवीस कुठून आणल्या नाहीस असं कुणी विचारत नाही.

बे एरियातली माझी नणंद म्हणाली, "तुमच्याकडे ठीक आहे, आमच्याकडे यूसी आहे." यूसीचं, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठाचं, तर उलट स्वच्छ लिहिलेलं आहे. जीपीए काढताना ते दहावी-अकरावीचे गुण धरतात आणि जादा वजन जास्तीत जास्त आठ सेमिस्टरना देतात, त्यातही दहावीच्या चारपेक्षा जास्त नाहीत. म्हणजे पूर्ण वर्षाच्या चार कोर्सनंतर त्या आकड्यात भर पडायची थांबते. अर्ज वाचणारे बाकीची निवडही बघतात हे खरं, पण जीपीएसाठी दहावीतच पाच एपी कोंबणाऱ्यांनी हा नियम एकदा डोळ्यांखालून घालावा.

२०१६ च्या जानेवारीत हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विद्यालयातून एक अहवाल आला, प्रवेशप्रक्रियेबद्दलचा, बऱ्याच विद्यापीठांच्या प्रवेशाधिकाऱ्यांनी त्याला पाठिंबा दिला होता. त्यात त्यांनी स्पष्ट म्हटलं होतं की दरवर्षी एपींचा ढीग लावण्यापेक्षा मोजक्या क्षेत्रांत टिकून केलेलं काम बरेचदा जास्त मोलाचं असतं. दोन वर्षांनी वॉशिंग्टनच्या आसपासच्या आठ नामांकित खासगी शाळांनी, त्यात राष्ट्राध्यक्षांची मुलं जिथे शिकली ती सिडवेल फ्रेंड्सही आली, २०२२ पर्यंत आपण एपी कोर्स बंद करणार असं जाहीर केलं. त्या शाळांची मुलं चांगल्या कॉलेजांत जायची थांबली असं काही ऐकिवात नाही. खासगी शाळेचं आणि आपलं सारखं नसतं हे मान्य, त्यांच्या नावावरच मुलांची निम्मी वाट सरते.

मुळात ही योजना कशासाठी होती ते वाचून मला गंमत वाटली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अँडोव्हर, एक्झिटर, लॉरेन्सव्हिल या तीन शाळा आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही तीन विद्यापीठं यांच्या मंडळींना दिसलं की पुढे गेलेली मुलं शाळेच्या शेवटी जे शिकतात तेच कॉलेजात परत गिरवतात. ते गिरवणं वाचावं, एवढाच हेतू. १९५५ मध्ये कॉलेज बोर्डाने काम हाती घेतलं. लॉरेन्सव्हिल आपल्यापासून गाडीने किती, अर्धा-पाऊण तास. एखाद्या विषयात पुढे गेलेल्या मुलाला त्या विषयात पुढे जाऊ द्यावं, ही साधी कल्पना त्या गावाहून आपल्या गावापर्यंत येता येता सगळ्याच विषयांत एकदम पुढे जाण्याची सक्ती होऊन बसली.

पैशाचं कारण मात्र मी झटकून टाकणार नाही. बऱ्याच स्टेट युनिव्हर्सिट्यांत ४-५ गुणांवर क्रेडिट मिळतात आणि एखादं सेमिस्टर वाचतं, म्हणजे हजारो डॉलर. आपल्यातली काही मुलं अजून एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आहेत. त्यांना फेडरल आर्थिक मदत मिळत नाही, त्यांच्या आईवडिलांना एकेक क्रेडिट मोजावंच लागतं. त्यांना मी काय सांगणार? एवढंच की ज्या कॉलेजांत जायची शक्यता आहे त्यांची क्रेडिटची यादी आधी उघडून बघा. इंजिनिअरिंगच्या मुलाला सायकॉलॉजीचं क्रेडिट मिळून डिग्री एक दिवसही लवकर होत नाही, असं होऊ शकतं. डार्टमथने डिग्रीसाठी एपी क्रेडिट देणं बंद करत असल्याचं २०१३ मध्येच जाहीर केलं, कॅलटेक देत नाही. मेडिकलला जायचं असेल तर बऱ्याच मेडिकल स्कूलांना मूळ विज्ञानविषय कॉलेजातच केलेले हवे असतात. म्हणजे ज्या महागड्या नावांसाठी आपण एपी गोळा करतो तिथेच कधीकधी त्यांचे पैसे वाचत नाहीत.

टेक्ससवाल्यांना हे पत्र पूर्ण लागू नाही. तिथे १९९७ च्या कायद्याने वर्गातल्या वरच्या १० टक्क्यांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश, आणि ऑस्टिनच्या विद्यापीठात तर तो आकडा त्याहून खाली आहे. रँक वेटेड जीपीएवर काढतात, तेव्हा तिथे प्रत्येक जादा वजनाच्या कोर्सला खरोखर किंमत आहे. डॅलसची माझी मैत्रीण म्हणते, "तू पत्र लिही, मी एक्सेल करते." तिचं तिला.

आपल्याकडे मात्र रँकचा तसा कायदा नाही, आणि आपल्याला कुणी सावध केलं नव्हतं असंही म्हणता येत नाही. २०१५ च्या ऑक्टोबरात इथल्याच वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोच्या सरकारी शाळांचे प्रमुख (सुपरिंटेंडंट) डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं होतं. आदल्या शालेय वर्षात मिडल स्कूल आणि हायस्कूलमधल्या १२० मुलांना मानसिक आरोग्याच्या तपासणीसाठी पाठवावं लागलं, ४० जणांना हॉस्पिटलात, असं त्यात होतं. त्यांनी हायस्कूलच्या मिडटर्म आणि फायनल काढून टाकल्या, काही रात्री गृहपाठ बंद केला. गावात दोन तट पडले. न्यूयॉर्क टाइम्समध्ये बातमी आली. विरोध करणाऱ्यांत आशियाई पालक जास्त होते, आपल्यातलेही होते, 'दर्जा खाली आणताहेत' म्हणत. मी तेव्हा नुकती न्यू जर्सीत आले होते, मुलगी प्राथमिक शाळेत. एका पार्टीत मीही म्हणाले होते, "ही अमेरिकन मुलं लाडावलेली." प्लेटमध्ये साबुदाणा वडा होता, इतकं स्पष्ट आठवतंय.

आता माझं मागणं. तो रकाना काढा. फक्त फॉर्ममधून नव्हे, माइकवरूनही. त्या जागी हवं तर मुलांनाच एक ओळ लिहू द्या, गेल्या चार वर्षांत जे करावंसं वाटलं ते. कुणी एपुश लिहील, खरंच आवडला असेल तर. लिहू दे की.

शाळेच्या शिक्षकांना एक वेगळं. नववीला आपली निम्मी मुलं मराठी शाळा सोडतात आणि कारण ठरलेलं असतं, 'लोड वाढला'. मराठीला एपी नाही, म्हणून तिची गणना नाही. पण न्यू जर्सीत २०१६ च्या कायद्याने सील ऑफ बायलिटरसी आहे, इंग्रजीखेरीज दुसरी भाषा चांगली येत असल्याचा शिक्का डिप्लोमावर मिळतो, आणि आपल्याच शाळेतल्या दोघींनी तो मराठीवर मिळवला. त्यांचा सत्कार केल्याचं मला आठवत नाही. रविवारचे अडीच तास वाचवून त्यात सहावी एपी बसवणाऱ्यांत मी पहिली होते, तेव्हा हे शिक्षकांना सांगताना मला लाज वाटते.

आणि पालकांनो, मार्चअखेर पुढच्या वर्षीच्या विषयनिवडीचं पोर्टल बंद होतंय. धाकट्याचं दहावीचं वेळापत्रक आम्ही गेल्या रविवारी ठरवलं. चौकटीचा कागद घेतला, चोवीस चौकटी, आधी झोप रंगवली, मग शाळा, मग ट्रॉम्बोन, कारण जॅझ बँड सोडणार नाही हे त्याने आल्याआल्या जाहीर केलं. उरलेल्या चौकटींत त्याने दोन एपी लिहिल्या, एक आवडीची कॉम्प्युटर सायन्स ए आणि एक वर्ल्ड हिस्ट्री, मित्र घेतायत म्हणून. मित्र घेतायत हे कारण मी खोडलं नाही. आम्ही काय वेगळं केलं होतं? तिसरीची चर्चा झाली. शेवटी त्या चौकटीत त्याने काहीच लिहिलं नाही, माझा हात सारखा पेनाकडे जात होता. पोर्टलवर ती लंचची खिडकी त्याच्यासाठीही उघडली, मी ती न वाचता बंद केली.

पुढच्या हळदीकुंकवाला कुणी विचारलं, किती घेतल्या, तर उत्तर देणार नाही असं मी ठरवलंय. जमेल का ते बघायचं. आपल्याकडे घरी आलेल्या माणसाला आधी "जेवलात का?" विचारायची पद्धत होती, तो प्रश्न मुलांना विचारायला हरकत नसावी. थोरलीला विचारला तर ती आता हो म्हणते. बारावीला तिने तीन एपी घेतल्या आणि पाचवा पीरियड लंच. कॅफेटेरियातला पिझ्झा भयंकर असतो, अशी रोज तक्रार असते.

आपली,
स्मरणिकेची माजी संपादक आणि दोन मुलांची आई

ता. क. : कमिटीचं उत्तर येण्याआधीच थोरलीने तिचा फॉर्म स्वतः भरून पाठवून दिला. लाल चांदणीमुळे रकाना मोकळा ठेवता येईना, म्हणून तिने तिथे 'व्हायोला, पण कपाटावर' असं लिहिलंय. तो टायपो नाही. तसंच छापा.